फुलस्क्रीन, पण कुठल्या स्क्रीनवर?

दोन मॉनिटर लावून गेम लिहिणाऱ्याची मागणी तशी माफक असते. डावीकडे गेम, उजवीकडे कोड. ऑल्ट-एंटर दाबावं आणि गेमने डावीकडे ऐसपैस पसरावं. तो पसरतो, पण नेमका कोडवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! त्यात ब्रेकपॉइंट (कोड थांबवायची ठरवलेली जागा) लागला असेल तर बघायलाच नको: गेम गोठलेला, डीबगर (चुका शोधायचं साधन) त्याच्याखाली गाडलेला, आणि आपण कीबोर्ड बडवतोय.

या दुखण्याचं मूळ बऱ्याचदा एका उणे चिन्हात सापडतं. विंडोज प्रायमरी मॉनिटरचा वरचा डावा कोपरा 0, 0 धरतं. त्याच्या डावीकडे 1920 रुंदीचा दुसरा मॉनिटर लावला की तो सुरू होतो उणे 1920 पासून. आणि कोडात कुण्या पुण्यवंताने लिहून ठेवलेलं असतं: एक्स (विंडोची आडवी जागा) शून्याहून कमी असेल तर शून्य करा. हेतू चांगलाच, विंडो पडद्याबाहेर हरवू नये म्हणून. पण त्यापायी डावा मॉनिटर गेमच्या लेखी जगातच उरत नाही. हरवण्याची भीती मात्र खोटी नाही. लॅपटॉपला जोडलेला मॉनिटर काढला तरी गेमच्या सेटिंगच्या फाइलीत साठवलेली विंडोची जागा तीच राहते. मग संगीत वाजतं, गेम दिसत नाही. म्हणून सुरुवातीलाच तपासायचं ते एवढंच, की साठवलेला चौकोन आत्ता जोडलेल्या एखाद्या मॉनिटरवर पडतो का. नसेल पडत, तर प्रायमरीवर आणा. उण्याशी वैर कशाला?

एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनचा, म्हणजे गेमने पडदा एकट्याने ताब्यात घेण्याचा, रुसवा वेगळाच. शेजारच्या मॉनिटरवर नुसतं क्लिक केलं की स्वारी टास्कबारात. विंडो सांभाळायला एसडीएल 2 ही लायब्ररी असेल तर तिच्यात 'मिनिमाइझ ऑन फोकस लॉस' हा हिंट (सेटिंग) 0 करा, जीएलएफडब्ल्यू ही लायब्ररी असेल तर ऑटो-आयकॉनिफाय बंद करा. माझं विचाराल तर काम चालू असताना बॉर्डरलेसच (बिनचौकटीची पडदाभर विंडो) बरं. तिथेही क्रम पाळा: आधी साध्या विंडोत या, मग ती हव्या त्या मॉनिटरवर न्या, फुलस्क्रीन सगळ्यात शेवटी.

एवढ्यातून सुटलात तर स्केलिंग (पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवणं) आहेच. 1920 बाय 1080 च्या लॅपटॉपवर 150 टक्के स्केलिंग असेल आणि मॅनिफेस्टमध्ये (विंडोजला गेमची माहिती देणाऱ्या फाइलीत) डीपीआयबद्दल, म्हणजे पडद्याच्या घनतेबद्दल, अवाक्षर नसेल, तर विंडोज गेमला बिनदिक्कत 1280 बाय 720 सांगतं आणि आलेलं चित्र ताणून दाखवतं. सगळं धूसर. आर्टिस्ट शेडरवाल्याकडे (चित्राचे रंग-उजेड ठरवणारा कोड लिहिणाऱ्याकडे) बघतो, शेडरवाला ड्रायव्हरकडे. मॅनिफेस्टमध्ये 'पर-मॉनिटर व्ही2' लिहा, दोघांत समेट होईल.

युनिटी या गेम इंजिनात आणखी एक गंमत: एडिटरमध्ये डिस्प्लेंची संख्या नेहमी 1 च येते. दुसरा डिस्प्ले चालू होतो तो बिल्डमध्येच (एडिटरबाहेर चालणाऱ्या तयार गेममध्ये), आणि एकदा चालू केला की गेम चालू असेपर्यंत बंद करता येत नाही.

टेस्टिंगसाठी अडगळीतला एखादा जुना मॉनिटर काढा आणि मुद्दाम डावीकडे, वेगळ्या स्केलिंगवर लावा. 'माझ्याकडे तर चालतंय' म्हणणाऱ्याच्या टेबलावर बहुधा एकच मॉनिटर असतो. दुसरा असलाच, तर उजवीकडे.