पाच मिनिटांत इंजेक्शन द्यायला शिका

दीड महिन्यापूर्वी आईची कंबर धरली म्हणून तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, कंपाउंडरने सुई भरली, टोचली, आणि मी अजून खुर्ची शोधतोय तोवर "झालं, काकू" म्हणून मोकळा. असं कसब एका दवाखान्यापुरतं राहू नये, म्हणून होतकरू मंडळींसाठी चार शब्द.

हात धुवू नका. मोबाइल हातात असताना धुता येत नाहीत.

स्पिरिटचा बोळा फिरवलात की ओल्यावरच टोचा. वाळायला ३० सेकंद लागतात. तेवढ्यात एक रील बघून होते.

कसली अ‍ॅलर्जी आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, असलं काही विचारू नका. विचारलं की लोक उगाच "हो" म्हणतात.

औषधाच्या मोठ्या बाटलीच्या बुचात सुई तशीच खोचून ठेवा, दिवसभर कामी येते. गुजरातेत मोडाशाला २००९ मध्ये हेपेटायटिस-बीची साथ आली, माणसं गेली, त्यात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचं निघालं. पण ते गुजरातेत. आपल्याकडे देवाची कृपा आहे.

आता जागा. पुस्तकं म्हणतात, कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करा आणि वरच्या, बाहेरच्या भागात टोचा, कारण खालून अंगठ्याएवढी जाड सायटिक नस जाते. तिला सुई लागली तर पाऊल लुळं पडतं. त्याहून बरी जागा खुब्याच्या बाजूची, तिथे मोठी नस नाही की मोठी रक्तवाहिनी नाही. पण मग माणसाला कुशीवर निजवावं लागतं, पडदा ओढावा लागतो, बाईमाणूस असेल तर साडी सैल करा म्हणावं लागतं. कशाला? "काकू, उभ्या राहा, तिकडं तोंड करा", आणि साडी-परकराच्या वर जी चार बोटं कातडी दिसेल तिथे खुपसा. ती कंबर असते, कुल्ला नसतो, हे काकूंना कुठे ठाऊक! सुई एक इंचीच घ्या, डब्यात तीच वर असते. अंगाने भरलेल्या माणसाला दीड इंची लागते, नाहीतर स्नायूत जायचं औषध चरबीतच राहतं, आणि दुखण्यावरचं ते औषध चरबीत राहिलं की आतलं मांस सडवू शकतं. माझ्या आईच्या कमरेला तिसऱ्या दिवशी लिंबाएवढी गाठ आली. आठव्या दिवशी ताप. दुसऱ्या हॉस्पिटलात चिरून वाटीभर पू काढला, आणि तीन आठवडे ती पालथी झोपली, अडुसष्ट वर्षांची बाई! पट्टी बदलताना माझा हात धरायची आणि मलाच म्हणायची, "तुला त्रास होतोय का रे?"

असो. पुढचा मुद्दा.

वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण घाला. कधीतरी तुमच्याही बोटात शिरेलच.

कोणी गाठ दाखवायला आलं तर "शेकलं नसेल" म्हणा. फारच भांडला तर "वय झालं, उष्णता आहे अंगात."

मला हेच ऐकवलं. डॉक्टर, खोटं बोलता तुम्ही. शेकून पू होत नाही आणि न शेकूनही होत नाही. त्या पोराला सुई कुठे टोचायची हे तुम्ही एकदा तरी बोट ठेवून दाखवलंत का? दुकानात वजन करायला ठेवावा तसा ठेवलाय त्याला. तुमच्या नावाच्या पाटीखाली तो रोज माणसं टोचतोय आणि तुम्ही आत बसून पुढचा नंबर पुकारताय. इंजेक्शनने एखाद्याला एकाएकी धाप लागली, अंगावर गांधी उठल्या, तर मांडीत द्यायचं अ‍ॅड्रेनॅलिन दवाखान्यात आहे का हे मी विचारलं. तो पोरगा तुमच्याकडे बघायला लागला, आणि तुम्ही कॅलेंडरकडे.

आणि वाचणारे तुम्ही, हसू नका. डॉक्टरने नुसती गोळी दिली की "सुई नाही का मारत?" हे कोण म्हणतं? सुई मारली नाही तर पुढच्या खेपेला शेजारचा दवाखाना कोण गाठतं? त्या दिवशी डॉक्टरांनी आधी दोन गोळ्याच लिहिल्या होत्या. "एक इंजेक्शन देऊन टाका ना, लवकर आराम पडेल," हे मी म्हटलं होतं.