चढता येईना, गिअर वाकडा

घाटचढाईच्या स्पर्धांचा हंगाम जवळ आला की हौशी सायकलस्वाराच्या घरात दोन वजनकाटे बाहेर निघतात. एक माणसांचा, दुसरा स्वयंपाकघरातला. पहिल्यावर तो एकदाच उभा राहतो, आकडा बघतो आणि काटा बिघडलाय असं जाहीर करतो. उरलेला हंगाम दुसऱ्या काट्यावर जातो. पॅडल, सीटपोस्ट, हँडलची टेप, झालंच तर एकेक बोल्ट! पिठाच्या डब्याशेजारी ग्रीस लागलेला क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, पाहून घरचे जे बोलतात, ते चढाच्या टक्केवारीपेक्षा तिखट असतं.

आमच्या या जमातीला वजनाचं इतकं वेड का, ते हिशेबात दिसतं. माणूस, सायकल, बूट, हेल्मेट आणि पाणी मिळून 80 किलो धरा. चढ 8 टक्क्यांचा, म्हणजे 100 मीटर पुढे जाताना 8 मीटर वर. ताशी 12 किलोमीटरने गेलात तर 4 किलोमीटरचा घाट 20 मिनिटांत संपतो. त्यासाठी सुमारे 230 वॉट लागतात आणि त्यातले 200 हून जास्त नुसते वजन उचलण्यात जातात. वाऱ्याचा वाटा जेमतेम आठ-दहा वॉट. आता 1 किलो कमी केलं तर 20 मिनिटांतले साधारण 14 सेकंद वाचतात. 100 ग्रॅमला दीड सेकंदसुद्धा नाही.

हे गणित सगळ्यांना पाठ असतं, तरी पाण्याच्या बाटलीची केज काढून ठेवल्यावर सायकलच्या नळीतल्या तिच्या बोल्टांच्या भोकांत पाणी जाऊ नये म्हणून पुन्हा बोल्ट लावायचे, आणि ते मात्र हलक्या धातूचे, हा उद्योग आम्ही करतोच. चार बोल्टांत सहा-सात ग्रॅम, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. भरलेली 750 मिलीची बाटली खालीच ठेवली तर 10 सेकंद फुकट मिळतात. 20 मिनिटांच्या चढाला वाटेत पाणी लागतच नाही, आधी पिऊन घ्यावं. पण फुकटात हौस कशी भागणार?

बोल्टांची काटछाट कुठे थांबवायची ते मात्र नक्की ठरवा. स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे) आणि ब्रेकचे बोल्ट ॲल्युमिनियमचे करू नका, आणि स्टेमवर छापलेला आकडा, जो बहुधा 5 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, पाळा. हँडलची खालची वळणं करवतीने कापणारे महाभाग असतात. कापा बापडे, पण टोकाला बूच हवंच, नाहीतर ती उघडी नळी पडल्यावर मांडीत घुसते. पॅडलजवळची पुढची एकच दातेरी चकती ठेवून तिथला डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) काढून टाकला तर ती चकती आलटून-पालटून जाड-बारीक दात्यांची घ्या, निदान चेन अडवणारा तुकडा तरी लावा. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात चेन उतरते, आणि दोनशे ग्रॅम वाचवणारा माणूस चढावर काळ्या हातांनी दीड मिनिट उभा राहतो. ब्रेक काढायचा विचारही नको. वर गेलेली सायकल खाली यायची असते.

खरा फरक पडतो तो गिअरमध्ये, आणि तिथेच आमचा अभिमान आडवा येतो. पुढे 34 दाते, मागे 34: पॅडलच्या एका फेरीत चाकाची एक फेरी, म्हणजे साधारण 2.1 मीटर. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या की ताशी साडेसात किलोमीटर. 12 टक्क्यांच्या चढावर हे 200 वॉटमध्ये जमतं. तेच पुढे 39, मागे 25 असेल, तर त्याच 60 फेऱ्यांना सव्वातीनशे वॉट हवेत. ते नसले की फेऱ्या 40 वर येतात, गुडघे कुरकुरायला लागतात, आणि माणूस वर पोचल्यावर सायकलच्या नावाने खडे फोडतो. मागे बशीएवढं चक्र लावणं हा काहींना पराभव वाटतो. मला विचाराल तर प्रेक्षकांसमोर सायकल हातात धरून चालणं हा त्याहून मोठा पराभव आहे.

पण कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलणं हे नुसतं चक्र बदलणं नव्हे. मागचा डिरेलर किती दात्यांपर्यंत चालतो ते आधी बघा. आखूड पिंजऱ्याचे जुने डिरेलर 28 च्या पुढे बहुधा हात टेकतात. मग चेनची लांबी. पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून, डिरेलरमधून न नेता, चेन गुंडाळायची आणि वर दोन कड्या जास्त ठेवायच्या. जुनी आखूड चेन तशीच ठेवली आणि दमलेल्या अवस्थेत चुकून मोठ्यावर मोठं पडलं, तर डिरेलर त्याला सायकलला धरून ठेवणाऱ्या हँगरसकट मोडतो. कॅसेट जागेवर धरणारी लॉकरिंग 40 न्यूटन-मीटरला आवळायची. कुरकुर आवाज करते म्हणून घाबरू नका, तिच्या दातांचाच तो आवाज. चेनही मापून घ्या. मागे 11 किंवा 12 गिअर असतील तर 0.5 टक्के ताणली की बदला, त्याहून कमी गिअर असतील तर 0.75. झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन घातली की ती सपाटीवर शहाण्यासारखी चालते आणि चढावर पूर्ण जोर लावताच दाते सोडते. हे सगळं स्पर्धेच्या निदान दोन आठवडे आधी. आदल्या रात्री नवीन केबल घालणाऱ्याचे गिअर सकाळी हमखास घसरतात, कारण नवी केबल पहिल्या काही दिवसांत बसते आणि सैल पडते.

सरावाबद्दल थोडक्यात. चढ किती मिनिटांचा, त्यावर सगळं अवलंबून. लंडनजवळची कॅटफर्ड सायकल क्लबची चढाई 1887 पासून चालत आलेली. तिथला हल्लीचा चढ, यॉर्क्स हिल, साडेसहाशे मीटरच्या आसपास, आणि चांगले स्वार तो दोन मिनिटांच्या आसपास उरकतात. उलट अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनचा रस्ता 12.2 किलोमीटर, सरासरी 12 टक्के, आणि शेवटचा तुकडा 22 टक्क्यांचा. दोन्हींना एकच तयारी चालणार नाही. छोट्या चढासाठी चार-चार मिनिटांचे पाच जोराचे तुकडे, मध्ये तेवढीच विश्रांती. मोठ्यासाठी वीस-वीस मिनिटांचे दोन, जेमतेम दोन शब्द बोलता येतील इतक्या जोराने. गावात चढ नसेल तर ट्रेनरवर, म्हणजे घरात जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, सायकल लावून पुढच्या चाकाखाली 8 सेंटिमीटरचा ठोकळा ठेवा. दोन चाकांमधलं अंतर सुमारे 1 मीटर, म्हणजे बसण्याचा कोन बरोबर 8 टक्क्यांचा. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणा, पण जोर कमी करू नका.

आणि याच आठवड्यात उपाशी राहू नका. स्नायूंतल्या साखरेचा प्रत्येक ग्रॅम सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून असतो. ती संपवली की काट्यावर दीड किलो कमी दिसतो आणि माणूस हरखतो, पण टाकी रिकामी करून गाडी हलकी झाली म्हणण्यातला प्रकार तो. वजन घटवायचं ते महिनाभर आधी, आठवड्याला फार तर अर्धा किलो.

स्पर्धेच्या सकाळचा पहिला घोटाळा नंबराचा. अंगाला चिकटणारा एकसंध पोशाख घालण्याआधी त्यावर नंबर लावायचा, तर घाईत पिन पुढच्या-मागच्या दोन्ही कापडांतून जाते आणि आत शिरायला वाटच उरत नाही. आत वर्तमानपत्राची घडी घालून मग पिना टोचा. लॅटेक्सची ट्यूब रात्रीतून हवा सोडते, तेव्हा हवा सकाळीच भरा. शरीर तापवायला वीस-पंचवीस मिनिटं, त्यात तीन-चार दमदार मिनिटं, आणि सुरुवातीच्या सात-आठ मिनिटं आधी थांबा. चढ जितका छोटा, तितकं हे जास्त महत्त्वाचं.

मग एकेका मिनिटाच्या अंतराने सोडतात. मागून कोणी सीट धरून उभा असतो, पाच-चार-तीन मोजलं जातं, आणि पहिल्या दोन मिनिटांत आम्ही सगळे विश्वविजेते असतो. पाय हलके, श्वास ठीक, हृदयाचा आकडाही बेताचा. तो आकडा विश्वासाचा नाही, कारण हृदयाला जोराची खबर उशिरा लागते. तिसऱ्या मिनिटाला खबर पोचते आणि मांड्या उधारी मागायला येतात. म्हणून पहिला चतुर्थांश मुद्दाम हात राखून चढायचा. जास्त उभ्या तुकड्यावर थोडा जोर वाढवा आणि मंद चढावर तेवढा कमी करा, कारण मंद चढावर वेग वाढला की वारा आपला वाटा वाढवतो. समोर दिसणाऱ्या पाठीचा पाठलाग करताना ती आपल्याआधी एक मिनिट सुटली होती हे विसरू नका. आणि मागून कोणी गेलाच तर तोही मिनिटभर उशिरा सुटला होता हे खुशाल विसरा.

रेषा ओलांडल्यावर तिथेच कोसळू नका, मागून एक मिनिटाने दुसरा येतोय. वीस मीटर पुढे जाऊन कोसळा. तोंडात धातूची चव येते आणि कोरड्या थंड हवेत श्वासनळ्या आवळून खोकला सुरू होतो. बराच वेळ माथ्यावर सगळे एकमेकांशी खोकल्यातच बोलतात. घामेजलं अंग दोन मिनिटांत गारठतं, आणि जॅकेट असतं खाली, कारण त्याचे दोनशे ग्रॅम चढवायचे नव्हते. ते आधीच वर जाणाऱ्या गाडीत पाठवा, पूर्ण बोटांच्या हातमोज्यांसकट. गारठलेल्या बोटांनी ब्रेक दाबला जात नाही. शेवटचा स्वार वर येईपर्यंत खाली उतरू देत नाहीत, आणि माउंट वॉशिंग्टनवर तर सायकलवरून उतरायलाच मनाई, मोटारीतूनच यावं लागतं. तिथे आठ किलोची सायकल मोटारीच्या पाठीवर बांधणारा माणूस दोरी किती ग्रॅमची आहे, हे विचारत नाही.