मी म्हणजे मीच आहे, हे कोरियातल्या वेबसाइट्सना कोण सांगणार?

आज डोकं पार सटकलंय, त्यामुळे लांबण लागणार. ज्यांना कोरियाच्या चेरी ब्लॉसमचे फोटो बघायला आवडतात त्यांनी इथूनच परत फिरा.

मी इथे ग्योंगसांगबुक प्रांतात एका सरकारी प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवते, आंदोंगहून बस पकडून अजून पुढे यावं लागतं इतकं आडगाव. घरचे मूळचे नाशिकचे, मी सातवीत असताना कॅनडाला गेलो, पासपोर्ट तिकडचा. आणि हे सांगायचं कारण म्हणजे इथे इंग्रजी शिकवायचा ई-२ व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो, भारतातल्या शिक्षकांसाठी करारातून एक वेगळी बारीकशी वाट आहे तेवढी सोडली तर. म्हणजे यांना इंग्रजीच हवीये ना? मला एबीसीडी शिकवायलाच विमानात बसवून आणलंय ना? मग यांच्या फॉर्ममध्ये माझं एबीसीडीतलं नाव का बसत नाही हो??

माझं नाव म्हणजे आडनाव, मग माझं नाव, मग बाबांचं नाव. रोमनमध्ये मिळून तीस अक्षरं आणि मध्ये दोन स्पेस. आपल्याकडे यात विशेष काही नाही, वर्गात हजेरी घेताना असंच पुकारायचे. पण कोरियन माणसाचं नाव बहुतेक वेळा तीन अक्षरी, एक आडनावाचं आणि दोन नावाची, आणि ज्या कुणा महाभागाने इथली सॉफ्टवेअर्स लिहिली त्याच्या डोक्यात जगात चौथं अक्षर नाहीच.

मग झालं काय, तर परदेशी म्हणून जे ओळखपत्र मिळतं त्यावर पूर्ण नाव, सगळं कॅपिटलमध्ये, स्पेससकट. बँकेत गेले तर तिथल्या बाईंच्या स्क्रीनवर तेवढी जागाच नाही, त्यांनी बाबांचं नाव अर्ध्यात छाटलं आणि हसून पासबुक हातात दिलं. फोनच्या दुकानात पोराने सगळी अक्षरं एकाला एक चिकटवून टाकली, स्पेस नाही काही नाही, आगगाडीसारखं एकच नाव. म्हणजे या देशात मी एकटीच तीन बायका आहे. आणि एकीची दुसरीशी ओळख नाही.

आता म्हणाल त्यात काय एवढं. सांगते. इथे ऑनलाइन काहीही करायचं म्हटलं की आधी फोनवरून स्वतःची ओळख पटवायची, बोनिन-इनजंग म्हणतात त्याला. फोन कंपनी निवडा, नाव टाका, जन्मतारीख टाका, नंबर टाका, देशी की परदेशी ते टिक करा (काही साइटवर तो पर्यायच नसतो, तिथे मग नमस्कारच), मग एसएमएसने कोड येणार आणि वर तीन मिनिटांचं घड्याळ उलटं पळत असतं. पण माझा कोड येतच नाही, कारण त्याआधीच लाल अक्षरात येतं की माहिती जुळत नाही. कुठली माहिती जुळत नाही? ते सांगत नाही. मग स्पेस देऊन बघ, स्पेस काढून बघ, आडनाव शेवटी टाकून बघ, कॅपिटल, स्मॉल, बाबांना ठेवून, बाबांना वगळून, मग पाच वेळा झालं की साहेब म्हणतात आज बास, उद्या या.

या वेळी निमित्त होतं हिंगाचं. हसू नका. सोलला असते तर इतेवॉनला मशिदीच्या आसपासच्या दुकानांतून डाळ, बेसन, हिंग सगळं आणलं असतं, पण इथून सोल म्हणजे अख्खा शनिवार घालवायचा आणि तिकिटाच्या पैशात हिंग सोन्याच्या भावाने पडणार. म्हणून म्हटलं बाहेरच्या देशातून मागवू. तर परदेशातून पार्सल मागवायचं तर कस्टम्सचा वैयक्तिक कोड लागतो, पी आणि पुढे बारा आकडे. तो कोड काढायचा कसा? ऑनलाइन. त्यासाठी काय लागतं? बरोबर. ओळख पटवा. हिंगाच्या डबीसाठी मी एका मराठी बाईचं अस्तित्व सिद्ध करायला बसलेय आणि सर्व्हर म्हणतोय असं कोणी नाही.

आणि संताप याचा येतो की यांना माझ्याबद्दल काय माहीत नाही? येण्याआधी कॅनडाच्या पोलिसांचा दाखला घेतला, डिग्रीची प्रत घेतली, दोन्हीवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो, शिक्का मारून घेतला (तो शिक्का तरी कॅनडात जानेवारी २०२४ पासून मिळायला लागला, त्याआधीच्या लोकांनी वकिलातीचे जे खेटे घातले ते त्यांनाच ठाऊक). आल्यावर मेडिकल, छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, त्यात मी ड्रग्ज घेते का तेही तपासलं. दहाही बोटांचे ठसे दिले. म्हणजे माझ्या रक्तात काय आहे ते यांच्या फायलीत आहे आणि माझ्या नावात स्पेस आहे की नाही यावर अजून एकमत नाही!

हो, मुळात हे का आहे ते मला माहितेय, माझ्या को-टीचरच्या (माझ्यासोबत वर्ग घेणारी इथली कोरियन शिक्षिका) नवऱ्याने जेवताना समजावून झालंय. १९९३ मध्ये किम यंग-साम राष्ट्राध्यक्ष असताना बेनामी बँक खात्यांवर बंदी आली, काळा पैसा रोखायला, चांगलंच केलं. मग २००७ पासून मोठ्या साइट्सवर नुसती कमेंट टाकायलाही खरी ओळख सक्तीची झाली, ते २०१२ मध्ये घटना न्यायालयाने रद्द केलं. त्याच २०१२ पासून वेबसाइट्सना नागरिकांचा ओळख क्रमांक गोळा करायलाच बंदी आली, तेही बरोबरच, पण त्यावर सगळ्यांनी केलं काय तर ओळख पटवायचं काम सरळ फोन कंपन्यांच्या गळ्यात मारलं. आता तुमचा फोन म्हणजे तुम्ही. आणि फोनच्या दुकानातल्या त्या विशीतल्या पोराने त्या दिवशी घाईत जे टाइप केलं तेच तुमचं नाव, तीच तुमची कुंडली.

बरं मग बँकेत जाऊन नाव नीट करून घे ना, असं आई व्हॉट्सअपवर म्हणते. कधी जाऊ? माझी शाळा साडेआठ ते साडेचार आणि बँक बंद होते चारला. म्हणजे अर्ध्या दिवसाची सुट्टी टाका, त्यासाठी उपमुख्याध्यापकांची परवानगी, त्यांना कारण सांगा, कारण काय तर माझ्या नावातली मोकळी जागा. एकदा गेले तशी. बँकेतल्या बाई इतक्या गोड की रागावताही येईना, त्यांनी वाकून वाकून सॉरी म्हटलं, कॉफी दिली, मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने अजून एकाला फोन लावला आणि शेवटी कळलं की त्यांच्या सिस्टीममध्ये त्यापेक्षा जास्त अक्षरं जातच नाहीत, फोनवाल्याला सांगून तिकडचं नाव बँकेसारखं करून घ्या. फोनवाला म्हणतो कार्डावर जसं आहे तसंच टाकावं लागतं, बँकेसारखं छाटता येणार नाही. अरे पण तू तरी कुठे कार्डासारखं टाकलंयस बाबा!

शेवटी मार्ग एकच, को-टीचर. ती बिचारी स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या नावावर सगळं मागवून देते आणि मी तिला रोख देते किंवा ट्रान्सफर करते. सुरुवातीला गोड वाटलं. आता लाज वाटते. मी चांगली तिशीतली बाई, स्वतः कमावते, टॅक्स भरते, आणि मला सॅनिटरी पॅड ऑनलाइन मागवायचे तर स्टाफरूममध्ये जाऊन हळूच तिच्या कानाशी लागावं लागतं, कुठला ब्रँड, किती पाकिटं. माझ्या खरेदीची यादी तिला माझ्या आईपेक्षा जास्त पाठ आहे. तिलाही कामं असतात हो, तिचं पोर आजारी असतं, आणि मी आपली काकाओवर (इथलं व्हॉट्सअप) मेसेज टाकतेय की सॉरी सॉरी अजून एकच.

आणि याच देशात १९९७ पासून तिसरीपासून इंग्रजी सक्तीचं आहे. माझ्या तिसरीच्या वर्गातल्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात माझं आख्खं नाव म्हणून दाखवलं, बाबांच्या नावासकट, चुकत माकत, हसत हसत. नऊ वर्षांच्या पोरांना जमतं, अब्जावधी वॉनच्या सिस्टीमला जमत नाही.

आता पुढच्या महिन्यात व्हिसा वाढवायचाय. तो वाढला की मुदतीची तारीख बदलणार, तारीख बदलली की बँकेत जाऊन नवी तारीख नोंदवायची नाहीतर खातं अडकतं, फोनचंही तेच. म्हणजे पुन्हा अर्धा दिवस सुट्टी, पुन्हा कॉफी, पुन्हा वाकून सॉरी.

आणि हो, कालपासून दोघांनी तिघांनी सल्ला दिलाय की कॅनडाच्या पासपोर्टवरून बाबांचं नाव काढूनच टाक ना, एवढं काय त्यात. कृपा करून हे बोलायला येऊ नका. पासपोर्टवरचं नाव बदललं की डिग्रीवरचं वेगळं पडणार, पोलिसांचा दाखला नवीन लागणार, त्यावर शिक्का नवीन, इथलं कार्ड नवीन, मग ते नवीन कार्ड घेऊन मी जाणार कुठे? चारच्या आत, त्याच बँकेत.