नाही जायचं मला शार्क टँकला!

परवा हळदीकुंकवाला पाचवी बाई म्हणाली, "अगं, एवढी छान भाजणी करतेस, शार्क टँकला का नाही जात?" हातातला तिळगूळ तिथेच खाली ठेवला, नाहीतर तोंडातून काय निघालं असतं देव जाणे. शार्क टँक म्हणजे टीव्हीवरचा तो कार्यक्रम, जिथे छोटे धंदेवाले 'शार्क' म्हणवणाऱ्या बड्या गुंतवणूकदारांकडे धंद्यातला हिस्सा देऊन पैसे मागतात.

अकरा वर्षं मी भाजणी, मेतकूट, उपवासाचं पीठ विकतेय. डाळीचे भाव वाढले तर काय करतेस, दुकानदार दोन-दोन महिने पैसे लटकवतात ते कसे वसूल करतेस, हे कुणी विचारत नाही. 2021 च्या डिसेंबरात तो कार्यक्रम आला आणि तेव्हापासून बारावीतला पुतण्यासुद्धा विचारतो, "काकू, व्हॅल्युएशन किती?" म्हणजे धंद्याची किंमत किती. अरे, आधी डबे उचलून गिरणीत ने!

मला चीड येते ती त्या नाटकाची. तासभर चाललेली बोलणी कापून दहा-पंधरा मिनिटांची करायची, वर वडिलांचं आजारपण, आईचे दागिने, सतारीचे सूर. टाळ्या, मिठ्या, डील झालं! पैसे तेव्हा कुठे येतात? कागदपत्रं, हिशेब, जीएसटी सगळं तपासणार, महिने जाणार, अटी बदलणार, कधी सगळंच फिसकटणार. ते कोण दाखवतंय? आणि अमेरिकेतल्या मूळ शार्क टँकची तर कमालच. तिथे सुरुवातीला करारात कलमच होतं, नुसतं कार्यक्रमात यायचं तरी 5 टक्के मालकी किंवा नफ्यातले 2 टक्के निर्मात्यांना. डील होवो न होवो! तिथला तेव्हाचा शार्क मार्क क्यूबन अडून बसला तेव्हा कुठे 2013 मध्ये ते कलम गेलं. याला काय म्हणायचं, संधी?

आपल्या मालेगावकडचा जुगाडू कमलेश आठवतो ना, फवारणीची सायकल घेऊन आलेला? माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. चष्म्यांच्या लेन्सकार्टवाल्या शार्कने, पीयूष बन्सलने, त्याला 10 लाख दिले आणि 20 लाखांचं बिनव्याजी कर्ज. बाकीच्यांनी तेवढंही दिलं नाही, हे मान्य. पण त्या 10 लाखांत हिस्सा किती गेला? 40 टक्के! आमच्या घरात हा आकडा एकालाही आठवत नाही. रडले होते ते मात्र सगळ्यांना आठवतं.

आणि नकार द्यायचीही काय ती तऱ्हा! समोरचा पोरगा घाम पुसतोय, आणि हे शार्क खुर्चीत रेलून त्याच्या धंद्याला नावं ठेवताहेत, देशभर लोक बघत असताना. "नाही जमणार" एवढं म्हणून भागत नाही का? नाही भागत. अपमान झाला नाही तर क्लिप फिरणार कशी? त्यात मध्येच जाहिरात लागते, ती त्याच शार्कच्या कंपनीची.

बरं, सल्ला देणाऱ्या त्या बाईंकडे दिवाळीच्या चार किलो भाजणीचे पैसे अजून बाकी आहेत.