गुप्तांच्या उत्तराला सातवाहनांचं लेबल लावू नका

माझी भाची कराडला अभ्यासिकेत बसून वर्णनात्मक पेपरची तयारी करतेय. काल रात्री तिनं एक मेसेज पाठवला, "मामा, हे पाठ करू का?" मेसेज म्हणतो, सातवाहनांवर १५ मार्कांचा प्रश्न आला की हे ठोका: संस्कृत राजभाषा, सोन्याची नाणी, आईचं नाव लावायचे म्हणजे स्त्रीसत्ता, सातवाहन राजा गौतमीपुत्रानं इ.स. ७८ ला शक (म्हणजे वर्षं मोजायची नवी गणना) सुरू केला, आणि नाव बदललं की हेच कुठल्याही घराण्याला चालतं. तीन ग्रुपवर फिरतंय हे. डोकंच फिरलं.

संस्कृत आणि सोन्याची नाणी हे गुप्तांचं उत्तर आहे ओ! सातवाहनांची नाणी शिशाची, तांब्याची, पोटिनची (म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची), काही चांदीची, आणि लेख प्राकृतात. विषय संपला.

आता शक. नाशिकच्या पांडवलेण्यात ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, गौतमीपुत्राच्या आईचा. त्यावर तारीख काय, तर नातू पुळुमावीच्या राज्याचं १९ वं वर्ष, उन्हाळ्याचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस. पोरानं शक सुरू केला असता तर आई तो सोडून नातवाची वर्षं कशाला मोजेल? आणि लेख पोराच्या कौतुकानं भरलाय, शक-यवन-पल्हव या परकी लोकांचा नाश केला, क्षहरात या शक घराण्याचा वंश संपवला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, सगळं आहे, पण नवा शक काढला याबद्दल एक अक्षर नाही. शक नावाच्या लोकांना हरवलं हे खरं, पंचांगात आपण 'शालिवाहन शके' वाचतो तेही मान्य, पण ते नाव त्या शकाला कितीतरी शतकांनी चिकटलंय.

स्त्रीसत्तेचं उत्तरही त्याच लेखात. बलश्री स्वतःला महाराजाची आई, महाराजाची आजी म्हणवते. मान मोठा, लेणं दान करते, पण गादी मुलाकडून नातवाकडेच गेली ना?

आणि सगळ्यात वाईट ते 'नाव बदला'. भाचीच्या वहीत 'सातवाहन' खोडून वर 'वाकाटक' लिहिलंय आणि खाली राजधानी पैठण तशीच! वाकाटकांचं नंदिवर्धन, वत्सगुल्म कुठं गेलं? पोरगी हुशार आहे, तिला असल्या मेसेजनं बिघडवलंय.

लिहायच्या आधी कच्चे मुद्दे काढा म्हणतात, तेवढं बरोबर. मग मुद्द्याला पुरावा जोडा. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला क्षहरात राजा नहपानाची १३ हजारांवर नाणी सापडली, त्यातल्या ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारलाय. विजय लिहायचा तर हे लिहा.

ज्यांनी ज्यांनी मेसेज टाकलाय त्यांनी आजच डिलीट करा, पोरांचा पेपर पुढच्या महिन्यात आहे.