केळीचा विमा काढला की शेतकरी निवांत?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल-चोपड्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : "केळीचा हवामान विमा काढा आणि निवांत राहा. पंचनाम्याची कटकट नाही, नुकसान झालं की पैसे आपोआप खात्यात." लोक भरवशाने तो पुढे पाठवताहेत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

"नुकसान झालं की पैसे." खरी गफलत इथंच आहे. हवामान आधारित फळपीक विम्यात थंडी-उन्हाची भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. तुमच्या बागेत कुणी डोकावत नाही. थंडीचं घ्या. हिवाळ्याच्या ठरलेल्या काळात किमान तापमान सलग 3 दिवस 8 अंश किंवा त्याखाली नोंदलं गेलं, तर भरपाई लागू. समजा दोन रात्री पारा 7.5 आणि तिसऱ्या रात्री 8.4. भरपाई शून्य. पानं पिवळी पडली, निसवण (घड बाहेर पडणं) अडकली, तरी शून्य. त्यात थंड हवा सखल भागात साचते. तापीकाठच्या बागेला चरका बसतो, आणि त्याच रात्री उंचावरच्या केंद्रात पारा 9 असतो. शेतकरी खरं सांगत असतो, यंत्रही खरं सांगत असतं, पण पैसे यंत्राच्या शब्दावर मिळतात.

"पंचनामा नाही." तापमानापुरतं ठीक. गारपिटीसाठी जादा हप्ता भरावा लागतो, आणि गारा पडल्यावर 72 तासांत कळवावं लागतं. मग पाहणी होते. या मेसेजवर विसंबून चार दिवस घरी बसलेल्याने काय करायचं?

"निवांत राहा." भाव कोसळला किंवा सीएमव्ही या विषाणूजन्य रोगामुळे रोपं उपटून फेकावी लागली, तर या विम्यातून काही मिळत नाही.

तरी "विमा भरूच नका" म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. शेतकऱ्याचा हिस्सा साधारण 5 टक्के, म्हणजे लाखाच्या संरक्षणाला 5 हजार. बाकीचा मोठा भार केंद्र आणि राज्य सरकार उचलतं. हा हक्क सोडू नका, भांडा ते हवामान केंद्रासाठी. आपल्या मंडळाचं केंद्र कुठं आहे ते जाऊन बघा. झाडाच्या सावलीत आहे? भिंतीला खेटून आहे? बंद पडलंय? फोटो काढा, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. हे सगळं थंडी सुरू व्हायच्या आत. गेलेल्या रात्रीचा पारा मागाहून कुणालाच मोजता येत नाही.