कुडचीच्या पुलाचं मॉडेल: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की कुडचीच्या रेल्वे पुलाचं मॉडेल उशिरा मिळालं, साडेनऊ हजार घेतले आणि वर "पूल अर्धाच करून दिला". उशीर झाला, चांगला तीन आठवडे झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आषाढातला बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, खांबांवरचा रंग वाळता वाळत नव्हता, पण आधी फोन करायला पाहिजे होता, ते चुकलंच.

पण "अर्धाच" हे लई लागलं ओ. तुमचं टेबल सहा फुटी, म्हणजे १८३ सेंटीमीटर. स्केल १:८७, म्हणजे खऱ्या मापाच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, ते तुमच्या मॉडेल इंजिनामुळं. आता हिशोब बघा की, ३० मीटरचा एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, धरला तरी या स्केलला साडेचौतीस सेंटीमीटर होतो, असे पाच घातले की टेबल संपलं, मग दोन्ही काठांचा भराव कुठं करू? कृष्णेचं पात्र केवढं आहे ते उगारकडनं कुडचीला येताना खिडकीतनं दिसतंच. सगळे गाळे बसवायचे तर प्रत्येक आखूड करायचा, मग खांब एकमेकाला चिकटतात आणि पूल पूल राहत नाही. म्हणून चारच घेऊ पण पूर्ण मापाचे, असं मी दुकानात कागदावर काढून दाखवलं होतं. तुम्ही "चालतंय, तुम्ही बघा" म्हणालात, माझी मिसेस शेजारीच होती.

रूळ रुंद दिसतात हेही लिहिलंत. तुम्हाला मीटरगेजच्या, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असायच्या काळातला पूल हवा होता, या स्केलला मीटरगेज साडेअकरा मिलीमीटर येतं, आणि तुमची मॉडेल गाडी १६.५ मिलीमीटरवर चालते. रूळ बरोबर केले असते तर गाडी उभीच राहिली नसती.

माझे आजोबा याच लाइनीवर गँगमन होते, ती सदर्न मराठा रेल्वेनं घातलेली मीटरगेज लाइन, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. त्यामुळं रविवारी भरल्या दुकानात टेप लावून तुम्ही "खेळणं आहे" म्हणालात तेव्हा मी गप्प बसलो, पण रात्री जेवण गेलं नाही.

साडेनऊ हजारात सहा आठवड्यांचं हातकाम आहे, त्यावर जास्त बोलत नाही. इथनं पुढं ऑर्डर लिहून घ्यायचं बघतोय. टेबल वाढवलंत तर उरलेले गाळे जोडून देतो, मजुरी नको, सामानाचे तेवढे द्या. कालच रिव्ह्यू वाचून एका गिऱ्हाइकानं ऑर्डर रद्द केली, म्हणून विनंती करतो, उशिराचं राहू दे, तेवढं "अर्धाच" काढा.